अक्काला आत पाहायचं होतं

साबणाची नवी वडी विळीवर उभी चिरून पाहणारी बाई तुम्ही पाहिली नसेल. मी पाहिली आहे, कारण ती माझी शेजारीण होती! जळगावात आमच्या भिंतीला भिंत लागून अक्का राहायची. मूळची रावेरकडची, तरुणपणीच विधवा झालेली, शिवणकामावर पोट भरणारी. "आत पाहू दे" हे तिचं पालुपद. नवी उशी आणली की शिवण उसवून कापूस बघणार आणि लगेच पुन्हा शिवणार. तिला लांबून पाहिलं की भाजीवाले वांगी झाकायचे. माझ्या गजराच्या घड्याळाचं तिने काय केलं ते सांगत नाही. अजून डोकं फिरतं.

मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचो. गावात एसटीडीचे पिवळे बूथ नुकतेच झाले होते. त्यातल्याच एकावर मुंबईच्या इस्पितळातून निरोप आला. अक्काचा धाकटा भाऊ वसंता, केळीचा बागायतदार, त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या आणि आधी झालेल्या तपासण्यांत अक्काची त्याला जुळत होती. अक्का तशीच माझ्या दारात.

"मास्तर, मी देनार. पन काय देऊन राह्यली ते मले आत पाहू द्या."

"अहो अक्का, ते पोटात असतं!"

"तुमच्या कॉलेजात नही का?"

होतं ना. प्रॅक्टिकलसाठी बोकडाचं मूत्रपिंड आम्ही आणायचोच. आता ही बाई मटणाचं दुकान टाळायला दोन गल्ल्यांचा वळसा घालणारी. नाकाला पदर लावून प्रयोगशाळेत उभी राहिली. मी ते उभं कापलं आणि पदर आपोआप खाली आला.

बाहेर तपकिरी थर, आत गडद गर, मध्ये पांढरी पोकळी आणि तिथून मूत्राशयाकडे जाणारी नळी. मी सांगितलं, बोकडाचा हा गर एकजीव असतो, माणसात त्याचे आठ-दहा वेगळे सुळके असतात. आणि एकेका मूत्रपिंडात दहा लाखांच्या घरात बारीक गाळण्या.

"दहा लाख? माय वं! मी चहाले एक गाळनी वापरते, तीबी फाटकी." मग हळूच विचारलं, "एक काढली तर दुसरीचं कसं?"

"ती थोडी मोठी होते. दोघींचं काम ओढते."

"देवानं आतून नीट शिवेल हाये," अक्का म्हणाली, आणि घरी जाऊन डोक्यावरून आंघोळ केली.

मुंबईला बायकोने मला सोबत धाडलं. डॉक्टर समजावत होते, "दोन्हींत फरक असेल तर चांगली किडनी तुमच्याकडेच ठेवतो. तसा नियम आहे."

अक्का खुर्चीवरून उठलीच. "मंग नही जमनार. कोनाले काही देलं तर चांगलं तेच देलं आपन. चांगली त्याले द्या. मले उरेल ती चालेल."

"अहो, तुमच्या जिवाचं काय?"

"मले मागं कोन हाये? त्याले दोन लेकरं हायेत."

मी तर खिडकीकडेच बघत राहिलो. इतकी वर्षं भिंतीला भिंत, आणि मी फक्त तिच्यावर चिडत आलो! लाज वाटली मला.

शेवटी डॉक्टरांनी तिच्या किडन्यांची एक्स-रे फिल्म उजेडावर धरली. दोन्ही सारख्याच उत्तम होत्या. डावी काढायची, तिची शीर लांब असते, जोडायला सोपी. अक्काने ती फिल्म स्वतः निरखून पाहिली आणि मगच सही केली.

ऑपरेशन झकास झालं. टेबलावरच किडनी कामाला लागली. आठवड्याने वसंता तोंडाला मास्क लावून, भिंत धरत धरत अक्काच्या खाटेपाशी आला. डॉक्टरांसमोरचं तिचं ते वाक्य मी त्याला सांगून बसलो होतो. माझ्या पोटात काही राहत नाही.

"अक्का, तुले मागं कोनी नही? मंग मी काय मेलो व्हतो?"

आणि हा बाप्या लहान पोरासारखा हुंदके द्यायला लागला. टाके सांभाळत अक्का जरा बाजूला सरकली आणि खाटेवर त्याच्यापुरती जागा केली.

"बस इथं," ती म्हणाली. "अन् लगेच जाऊ नको."