बारापात्रेकाकांचे बिनआवाजाचे पिक्चर

पिक्चर सुरू करण्याआधी बारापात्रेकाका टीव्हीचा आवाज बंद करत. कमी नव्हे, बंद. बटण शेवटपर्यंत फिरवायचं, पुन्हा एकदा फिरवून खात्री करायची, मग कॅसेट आत ढकलायची आणि चटईवर बसलेल्या पंधरावीस जणांकडे वळून म्हणायचं, "तोंड पाहा बापा, तोंड. कान घरी ठेवा."

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नंदनवन वस्तीतल्या आमच्या गल्लीत व्हीसीआर एकच होता आणि तो बारापात्रेकाकांचा. इतर गल्ल्यांमधले लोक भाड्यानं व्हीसीआर आणून एका बैठकीत तीन-तीन हिंदी पिक्चर संपवत. आमच्या गल्लीचं नशीब बघा. व्हीसीआर फुकटचा, आणि त्यावर काय, तर आमच्या आईबापांच्या लग्नाआधी निघालेले, काळे-पांढरे, इंग्रजी पिक्चर, तेही मुके.

काका गिरणीच्या विणाई खात्यातून निवृत्त झाले होते. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी लग्न होऊन उमरेडला गेली होती, आणि दोन खोल्यांत काका एकटे राहत. त्यांचा भाचा मस्कतला फिटर होता. त्याचा गोरा साहेब नोकरी सोडून मायदेशी गेला, तेव्हा जुन्या कॅसेटींनी भरलेलं एक खोकं भाच्याच्या गळ्यात मारून गेला. भाच्यानं ते व्हीसीआरसकट मामाच्या गळ्यात मारलं. मामानं मात्र ते खोकं देव्हाऱ्याशेजारी ठेवलं.

त्या पिक्चरांच्या काकांनी दोन जाती पाडल्या होत्या. एक घोड्याचे आणि दुसरे सावलीचे. घोड्याच्या पिक्चरमध्ये मोकळं माळरान, धूळ, कमरेला पिस्तुलं आणि तीन वाक्यं बोलून दोन माणसं मारणारा नायक. सावलीच्या पिक्चरमध्ये ओले रस्ते, खिडकीच्या पट्ट्यांची भिंतीवर सावली, डोळ्यांवर ओढलेली टोपी आणि सिगरेट ओढणारी एखादी देखणी बाई. रविवारी दुपारी दोन वाजता काका फाटकात उभे राहून जाहीर करत, "आज घोडा आहे," किंवा "आज सावली आहे." घोड्याला गर्दी जास्त जमायची. सावलीला बायका यायच्या, निवडायला तांदूळ घेऊन.

गोष्ट सांगायचं काम काकांचं. ते टीव्हीशेजारी स्टुलावर बसत, थोडे पडद्याकडे आणि थोडे आमच्याकडे तोंड करून. "हा जो आला ना घोड्यावर, याच्या बापाचं वावर त्या मिशीवाल्यानं दाबलं. धुऱ्याचं भांडण आहे." काकांच्या मते घोड्याच्या प्रत्येक पिक्चरमध्ये भांडण धुऱ्याचंच, म्हणजे शेताच्या बांधाचंच असे. छातीवर चांदणी लावलेला तो पोलीस पाटील. दारूचा गुत्ता तो गुत्ताच. सावलीच्या पिक्चरमधली बाई आली की काका जरा पुढे झुकत. "पाहून घ्या. डोळ्यात पाणी आहे, पण हनुवटी हालून नाही राहिली. हे बाई याले विकून खाते."

आणि ती खात असे. हीच तर गंमत होती. कोण कोणाचा भाऊ हे काकांना कधी धड जमलं नाही. एकदा तर त्यांनी नवऱ्यालाच सासरा करून टाकलं होतं. पण कोण खोटं बोलतोय, कोण घाबरलाय, कोणाचा जीव कोणावर आहे, यात त्यांची चूक मी पाहिली नाही. पहिल्या दहा मिनिटांत ते बोट दाखवून सांगत, "हा चोर." शेवटी तोच निघे. शेवटी-शेवटी आम्हाला त्याचा राग येऊ लागला, कारण पुढे पाहण्यात काही मजाच उरत नसे.

बाकी माणूस तसा विक्षिप्तच. मागून हाक मारली तर वळायचा नाही. रस्त्यात सायकलच्या घंटीला दाद द्यायचा नाही. लोक म्हणत, व्हीसीआर आल्यापासून बारापात्रे चढले. मीही म्हणत असे. मी तेव्हा पाटबंधारे खात्यात टंकलेखक होते, आणि माणसं ओळखण्याबद्दल माझं स्वतःविषयी फार चांगलं मत होतं.

काकांचा एकच शत्रू होता, आणि तो म्हणजे माझे वडील. बाबा शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. सगळी गल्ली त्यांना गुरुजी म्हणे. बोलणं हा त्यांचा पेशा होता आणि छंदही. भाजीवाल्याशीही ते धडा समजावून दिल्यासारखे बोलत. असा माणूस इंग्रजी पिक्चरसमोर बसलेला, पडद्यावर माणसं तावातावानं बोलताहेत, आणि कानावर मात्र पोलीस पाटील नि धुरा. बाबांनी चार रविवार कळ काढली. पाचव्या रविवारी उठून आवाजाचं बटण फिरवलं.

काकांनी पडद्याकडे पाहिलं, मग लोकांच्या माना वळलेल्या पाहिल्या, आणि उठून आवाज बंद केला. बाबांनी पुन्हा वाढवला. काकांनी पुन्हा बंद केला.

"अहो बारापात्रे," बाबा म्हणाले, "तुम्हाला इंग्रजी येत नाही म्हणून आम्ही सगळ्यांनी बहिरं व्हायचं का?"

काकांचा चेहरा उतरला. ते एवढंच म्हणाले, "तुमाले शब्द लागते गुरुजी. मले तोंड पुरते."

बाबा चपला घालून घरी आले. त्यानंतर दोघांनी एकमेकांचं नाव टाकलं.

त्या दिवाळीनंतर बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय गेला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं, आणि आवाज गेला. तीन आठवड्यांनी दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा ओठ हलत, पण बाहेर नुसती हवा येई. डाव्या हातात पेन्सिल दिली तर कागदावर रेघोट्या उमटत. ज्या हातानं आयुष्यभर मुलांची अक्षरं सुधारली, त्याच्या शेजारच्या हाताला 'अ' काढता येईना. बाबांनी पेन्सिल फेकून दिली आणि भिंतीकडे तोंड केलं.

भेटायला येणारे मोठ्यांदा बोलत. वाचा बाबांची गेली होती, कान ठणठणीत होते, तरी प्रत्येक जण ओरडून विचारी, "कसं वाटून राहिलं गुरुजी?" बाबा डोळे मिटून घेत.

पण खरा घोर जेवणाचा होता. आई मऊ खिचडी करून भरवायला बसे. दोन घास बाबा घेत, आणि मग ओठ हलवत, मान हलवत, डाव्या हातानं ताट ढकलत. आई चुचकारी, मी दटावी. बाबा आणखी जोरात ओठ हलवत आणि शेवटी दातखीळ बसल्यासारखं तोंड मिटून घेत. एकेक जेवण दीड-दीड तास चाले आणि खिचडी तशीच राही. पंधरा दिवसांत गालफडं आत गेली. डॉक्टर म्हणाले, आठवडाभरात खाल्लं नाही तर दवाखान्यात नेऊन नाकातून नळी घालू, आणि या तब्येतीत ते कितपत झेपेल सांगता येत नाही. आई देवापुढे बसून म्हणाली, "त्यायले जगायचंच नाही वं सुमन." मलाही तसंच वाटत होतं. आम्ही दोघी आपापल्या कोपऱ्यात रडून घेत होतो.

पुढच्या रविवारी दुपारी दोन वाजता फाटक वाजलं. बारापात्रेकाका सायकल घेऊन उभे होते. कॅरिअरवर गोधडीत गुंडाळून दोरीनं करकचून बांधलेला व्हीसीआर होता. रविवारचा खेळ बंद ठेवून आले होते.

"गुरुजीसाठी आणला," ते म्हणाले. "घोडा आहे."

मला खरं तर रागच आला. घरात काय चाललंय आणि हे घोडा घेऊन आले. पण आईनं आत घेतलं. काकांनी आमच्या टीव्हीला वायरी जोडल्या, आवाज बंद केला आणि पिक्चर लावला. बाबांनी भिंतीकडचं तोंड वळवलं नाही. काकांनी त्यांना हाक मारली नाही, कसं वाटतं विचारलं नाही, धुऱ्याचं भांडणही सांगितलं नाही. गप्प बसून राहिले. आमच्या घरात तीन आठवड्यांत पहिल्यांदा कोणी ओरडत नव्हतं. पाऊण तासानं बाबांनी मान वळवली.

तीन वाजत आले तेव्हा आई ताट घेऊन आली. दोन घास गेले. मग नेहमीचं सुरू झालं. ओठ हलले, मान हलली, हात ताटाकडे गेला. आई म्हणाली, "असं नका करू ना," आणि चमचा पुढे केला.

काकांनी पडद्यावरची नजर काढून बाबांच्या तोंडावर लावली. चालू पिक्चर सोडून दुसरीकडे पाहताना मी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"थांबा वैनी. गुरुजी, पुन्हा म्हणा."

बाबा थबकले. मग त्यांनी सावकाश ओठ हलवले.

काका आईकडे वळले. "वैनी, तुम्ही जेवल्या का?"

"मी? माझं होईन नंतर. यायचं झालं की घेईन दोन घास."

"मंग तेच म्हणून राहिले ते. 'तू जेव आधी' म्हणते. 'तीन वाजले, तू उपाशी आहे' म्हणते."

आईच्या हातातला चमचा तसाच राहिला.

लग्नाला एकतीस वर्षं झाली होती, आणि आई बाबांच्या आधी एकदाही जेवली नव्हती. तिच्या आईनं जे केलं तेच ती करत होती. बाबा धडधाकट होते तेव्हा पंधरा मिनिटांत जेवून उठत, त्यामुळे कोणाच्या ते ध्यानातही आलं नाही. आता भरवायलाच दीड तास लागे. मग अंग पुसणं, औषध, आणि तोवर चार वाजत, की तिची भूक मरून जाई. बाबांच्या खाटेवरून सरळ स्वयंपाकघर दिसे. ओट्यावर झाकून ठेवलेलं तिचं ताट ते रोज पाहत होते. तोंड मिटून घेण्याचा एकच उपाय त्या माणसाच्या हाती उरला होता, आणि आम्ही तेच तोंड चमच्यानं उघडायला बघत होतो.

"खरं म्हणून राहिले का हे?" आईनं बाबांना विचारलं. बाबांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. त्यांनी मान हलवली.

आईनं ताट आणलं आणि खाटेजवळ बसली. तिला घास तोंडात घालवेना. नवऱ्यासमोर, परक्या माणसासमोर, आधी जेवायचं म्हणजे काय. काकांनी स्टूल उचललं आणि आमच्याकडे पाठ करून टीव्हीला जवळजवळ नाक लावून बसले. "मी पिक्चर पाहून राहिलो," ते भिंतीला म्हणाले. "तुम्ही जेवा."

आई जेवली. मग तिनं चमचा पुढे केला, आणि बाबांनी तोंड उघडलं. वाटीभर खिचडी संपली. मी स्वयंपाकघरात जाऊन पदरात तोंड खुपसून रडले.

संध्याकाळी काकांना पोचवायला फाटकाशी गेले. ते वाकून व्हीसीआर बांधत होते. मी म्हटलं, "काका, तुमचे उपकार कसे फेडू?" त्यांनी मान वर केली नाही. मी पुन्हा म्हटलं. ते दोरीच आवळत राहिले. मग सरळ होऊन त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि माझा चेहरा पाहून त्यांना समजलं की मला समजलंय.

"सत्तावीस वर्षं मागाजवळ होतो ना," ते म्हणाले. "तिथं आवाजात कोणाले काई ऐकू येत नसे. आम्ही तोंड पाहूनच बोलो. अन् सगळ्यायच्या अर्ध्या तोंडात तंबाखू, म्हणून गुरुजीचं अर्धं तोंड मले पुरलं." दोरीची गाठ चाचपून म्हणाले, "कान तं काकू होती तेव्हाच गेले. तिले ठाऊक होतं."

"मग लोकांना सांगितलं का नाही? आणि हे इंग्रजी पिक्चर काहून?"

काकांनी गोधडीचं टोक आत खोचलं. "हिंदी लावला तं तुम्ही सगळे हासता. मी तुमचं पाहून हासतो, जरा उशिरा. घरात पंधरा माणसं असून एकटा असल्यासारखं वाटते वं. यात आवाज बंद केला की कोणाले काईच समजत नाही. सगळे माझ्यासारखे. गुरुजीलेच फक्त समजत होतं, म्हणून त्यायच्यासंग भांडलो. त्यायले नको सांगू."

मी कोणालाच सांगितलं नाही. मागून हाक मारणं तेवढं सोडलं. चढेल म्हटलं होतं या माणसाला, याची लाज आजही वाटते.

काका रोज दुपारी येऊ लागले. व्हीसीआर आमच्याकडेच ठेवला. बाबांना काय हवंय ते काका आम्हाला सांगत. हळूहळू आम्हीही बाबांचं तोंड पाहायला शिकलो. बाबा त्यानंतर चार वर्षं जगले, पोटभर जेवून, आणि ती चार वर्षं आम्हाला बारापात्रेकाकांनी दिली. हे मी आजवर ज्याला-त्याला सांगत आले आहे.

महिनाभरानं एका दुपारी आई आणि मी स्वयंपाकघरात होतो, आणि बाहेरच्या खोलीतून घोड्यांच्या टापा ऐकू आल्या. मग गोळीबार, मग जाडजूड आवाजातलं इंग्रजी. आईनं दचकून माझ्याकडे पाहिलं. मी दारात गेले.

बाबांनी खाटेशी सरकवलेल्या टीव्हीचा आवाज डाव्या हातानं वाढवला होता. ते कान देऊन ऐकत, आणि मग ओठांनी, शाळेत सांगत तसं एकेक शब्द सुटा करून, पडद्यावरचा माणूस काय म्हणाला ते मराठीत सांगत. मी तर गप्प राहिले होते, पण तीस वर्षं वर्ग सांभाळलेल्या माणसाला, समोरच्याला ऐकू येत नाही हे कोणी सांगावं लागत नाही. काकांनी स्टूल खाटेकडे वळवून घेतलं होतं. पिक्चरचा एवढा नाद असलेला तो माणूस टीव्हीकडे पाठ करून बसला होता आणि बाबांच्या तोंडाकडे टक लावून पाहत होता. मध्येच त्यांनी हात वर करून थांबवलं. बाबांनी तेच वाक्य पुन्हा सांगितलं. काका हसले, आणि बाबाही त्याच क्षणी हसले.

"काय चाललंय?" आईनं आतून विचारलं.

"वर्ग," मी म्हटलं.

आईनं डोकावून पाहिलं. मग आत येऊन पाट मांडला आणि स्वतःचं ताट वाढून घेतलं. "त्यायले वेळ आहे अजून," ती म्हणाली, आणि जेवायला बसली.