पुंजारामानं सोडलेला पाऊस

"स्वाती गेली की आभाळाला कुलूप! किल्ली थेट मृगाच्या हातात!"

हसनाबादच्या पारावर पुंजारामानं हे जाहीर केलं आणि मांडीवर थाप मारली. कार्तिक लागला होता, पोरं कर्ती झाली होती, आणि तो बायकोला, चतुराबाईला, घेऊन रामेश्वराला निघाला होता.

आता मंडळी, पंचक्रोशीत पाऊस सांगावा तर पुंजारामानंच! कोणत्या नक्षत्राचं वाहन बेडूक, कोणत्याचं गाढव, सगळं तोंडपाठ. वर आभाळाकडं मात्र तो चुकूनही बघत नसे. पंचांग असताना आभाळाला काय विचारायचं? लोक विचारायचे, तो सांगायचा, आणि लोक लगेच उठून कामाला लागायचे. एवढा मान जाफराबादच्या तहसीलदाराला नव्हता! जमीन बेताची, अंगकाठी त्याहून बेताची. माणूस जगत होता तो या मानावर.

"पुंजारामभाई, रस्ते में बारिश?" शेजारच्या महेमूद पिंजाऱ्यानं विचारलं.

"न्हाई. बिलकुल न्हाई!"

महेमूदचा चेहरा एकदम पडला. "न्हाई बोले? मंग भाभी कू घोंगडी जरूर देव."

"कार्तिकात घोंगडी? लोक हसतील!" म्हणत पुंजारामानं चतुराबाईच्या गाठोड्यातली घोंगडी उपसली आणि घरी ठेवली.

जालन्याहून निघून, गाड्या बदलत बदलत, दोघं मुलखाच्या टोकाला पोचले. निजामाचा हाली रुपया तिकडं कुणी ओळखेना. पुंजारामाची नक्षत्रंही कुणी ओळखेनात! समुद्रावरच्या पुलावरून गाडी मुंगीच्या पावलानं सरकत होती. खाली समुद्र, वर आभाळ, आणि मधली सगळी जागा पावसानं ठासून भरलेली!

"सर हाय," पुंजाराम म्हणाला. "आत्ता जाईल."

ती सर चार दिवस चालली.

असा पाऊस की कावळे उडायचे सोडून पायी चालले होते! बेटावरची नारळाची झाडं मयताला जमलेल्या बायांसारखी झिंज्या सोडून डुलत होती. धर्मशाळेत अंथरूण ओलं, लाकडं ओली, काडेपेटी ओली. शिदोरीच्या भाकरीवर पुंजारामाच्या डोक्यावर होते त्यापेक्षा जास्त केस उगवले. चतुराबाई कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसली. उभ्या जन्मात तिनं नवऱ्याकडं एकच मागणं केलं होतं: एकदा समुद्र दाखवा.

"अव्हो, समुद्र कुठं हाय?"

"हा काय, समोर."

"मला तर नुसता धूर दिसून राह्यलाय."

"धुराच्या मागं हाय."

ती पुढं काही बोलली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं! चतुराबाई गप्प बसलेली पुंजारामानं लग्नाच्या मांडवानंतर पाहिली नव्हती. त्या गप्प चेहऱ्याकडं बघवेना, म्हणून तो दारात बसला आणि आयुष्यात पहिल्यांदा आभाळाकडं बघायला लागला. दुसरं काही बघायला नव्हतंच. आभाळाची कड शिशासारखी होते, वारा श्वास धरतो, मातीला ओलसर वास येतो, की मंग सर येते. बघून बघून त्याला ते कळायला लागलं. पण कळून काय फायदा? तिथं प्रत्येक वेळी सरच येत होती!

शेवटी तीर्थावरचे भटजी भेटले. पिढ्यान्‌पिढ्या तिथंच राहिलेले, पण बोलणं मराठी.

"या दिवसांत कसे आलात?"

"पाऊस संपला म्हणून आल्तो."

"तुमच्याकडचा संपला. आमचा आत्ता लागला! आषाढात यायचं. आषाढात इथं कोरडं ठणठणीत असतं."

चतुराबाईनं सावकाश मान वळवून नवऱ्याकडं पाहिलं. त्या नजरेसरशी पाऊससुद्धा दोन पावलं मागं सरला!

मंग बावीस विहिरींच्या पाण्याची अंघोळ. वरून देव ओततोय, समोरून माणूस बादल्या ओततोय. "अरे, ह्यातलं तीर्थ कोणतं आन पाऊस कोणता?" पुंजाराम बोंबलला. कुणी ऐकलं नाही.

"आता आवडीची वस्तू सोडायची," भटजी म्हणाले. "सोडलेली परत धरलीत तर यात्रा फुकट. पुन्हा इथवर यावं लागेल."

पुंजारामाची तयारी घरूनच झाली होती. "कारलं सोडतो, महाराज. कारलं म्हणजे माझा जीव की प्राण!"

"खोटं!" चतुराबाईनं तोंड उघडलं. "कारलं केलं की ताट भिरकावतेत. महाराज, ह्यांचा जीव एकाच गोष्टीत हाय. पाऊस सांगण्यात. ते सोडायला लावा!"

"अगं, खायची वस्तू सोडतेत!"

"त्यानं माझं डोस्कं खाल्लं, आन समुद्रबी खाल्ला. सोडा म्हंते ना!"

भोवती यात्रेकरू जमले. भटजींनी तळहातावर पाणी घातलं. पुंजारामाचे दात कडकडा वाजत होते, थंडीनं की दुःखानं देव जाणे. त्यानं हात कलता केला. "सोडलं," तो पुटपुटला. स्वतःच्याच नावानं तीळपाणी दिल्यासारखं वाटलं त्याला.

गावी परतल्यावर तो पारावर तोंड मिटून बसायचा. रामराव पाटलानं विचारलं, "पुंजाराम, हरभऱ्याला पाऊस हाय का?" मौन! लोक हवालदिल झाले. कुणी गयावया केली, कुणी तंबाखू पुढं केली. पुंजाराम आतल्या आत झुरायचा. आपल्यावाचून गाव आंधळं झालं!

अशात एका दुपारी महेमूद धावत आला. लेकीचं, लालबीचं, लग्न चार दिवसांवर. गाद्यांचा कापूस दमट झालेला.

"भाई, एक दफा बोलो! कापूस बाहर सुखाऊँ क्या? लालबी की शादी की गाद्या हय."

ऊन चांगलं पडलं होतं. पण पुंजारामानं वर बघितलं. उगवतीला आभाळाची कड शिशासारखी! वारा श्वास धरलेला! मातीला तोच ओलसर वास!

सांगावं तर यात्रा फुकट. परत त्या गाड्या, परत तो धूर, परत चतुराबाईची ती नजर! न सांगावं तर लालबीच्या गाद्या. लालबी त्याच्या अंगाखांद्यावर वाढलेली पोर. पुंजारामानं डोळे मिटले.

"पाऊस येणार, महेमूद! जोरदार येणार! जल्दी कर!"

"शुक्र है अल्ला का!" महेमूदचा चेहरा फुलला. त्यानं पुंजारामाला मिठी मारली आणि पळाला.

व्रत मोडलं, पण मैत्री राखली! डोळे पुसून पुंजारामानं शेजारी डोकावलं. महेमूद, त्याची बायको अकबरबी, झाडून सगळं घर कापूस बाहेर आणत होतं! अंगणात कापूस, गाडीवर कापूस, भिंतीवर कापूस!

"अरे, बाहेर काऊन काढतो? पाऊस येणार म्हणालो मी!"

"म्हणूनच तो!" महेमूद खुशीत ओरडला. "तुम 'येणार' बोले की हम सुखाते, 'न्हाई' बोले की हम ढाकते. पूरा गाँव हेच करता! तुम मुके हुए तबसे सबका सत्यानास हो गया, भाई!"

पुंजारामानं परत वर बघितलं. पहिला थेंब बरोबर त्याच्या नाकावर पडला.

पुढं जे कोसळलं ते विचारू नका! बुडालेल्या मेंढरांसारखे जड झालेले कापसाचे गोळे सगळे मिळून आत ओढत होते. चतुराबाईही पाटी घेऊन आली होती. ती पुन्हा गप्प झाली होती.

महेमूदनं हातातला कापूस पिळला. पाणी घळघळ वाहिलं. त्यानं पुंजारामाकडं बघितलं, रागानं नव्हे, फार दुःखानं.

"जिंदगीभर गलत बोले, भाई. आजिच बराबर बोलने कू क्या हुआ था तुमकू?"