रशीदभाईंची शांतता

लग्नमंडपात शांतता मागणारा माणूस मी एकच पाहिला. रशीदभाई. पंगती उठल्या आणि नवरी गाडीत बसायच्या बेतात आली, की ते मंडपाच्या मधोमध उभे राहायचे, दोन्ही हात वर करायचे आणि ओरडायचे, "सायलेन्स! कुनी हलायचं न्हाई. रूम टोन घिऊन राहिलो!"

रूम टोन म्हणजे काय, हे आमच्या लातूरच्या गल्लीत त्यांच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. कोणतीही जागा अगदी गप्प केली तरी तिचा स्वतःचा एक आवाज उरतो. पंख्याचा, पत्र्याचा, लांबच्या रस्त्याचा. सिनेमात सीन संपल्यावर सगळ्यांना जागच्या जागी थांबवून तेवढा आवाज वेगळा भरून घेतात. पुढे एडिटिंगला कापाकापी झाली की मधल्या रिकाम्या जागेत तो घालायचा. रशीदभाईंचे वडील गोलाईच्या बाजारात रफूचं काम करत. त्यामुळे ते एका शब्दात सांगत, "रफू हाय वो ते."

मंडप अर्थातच गप्प होत नसे. चाकूरच्या एका वरबापानं एकदा वैतागून म्हटलं, "ओ भाई, एवढी शांतता पायजे असंल तर मसनवाट्यात जावा की."

"तिथला घिऊन ठिवलाय," रशीदभाई म्हणाले. "हितला ऱ्हायलाय."

तरुणपणी ते मुंबईत एका स्टुडिओत बूममनच्या हाताखाली होते. बूममन म्हणजे लांब काठीच्या टोकाला माइक बांधून तो नटांच्या डोक्यावर, पण कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर धरणारा माणूस. रशीदभाई त्याची वायर सांभाळत. वडील आजारी पडले म्हणून ते परत आले आणि लग्नांचं शूटिंग करू लागले. गाव त्यांना 'शूटिंगवाले' म्हणे. ते स्वतःला 'साउंडवाले' म्हणवत. कॅमेरा खांद्यावर, टेपरेकॉर्डर गळ्यात. कॅमेऱ्यातल्या माइकवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "बहिरं हाय ते. त्याला बँड तेवढा ऐकू येतो."

लग्नातली माणसं ते सिनेमाच्या युनिटच्या हिशोबानं ओळखत. मुलीचा बाप प्रोड्यूसर: पैसा त्याचा, पण त्याला विचारतो कोण? डायरेक्टर म्हणजे थोरली आत्या. भटजी असिस्टंट डायरेक्टर, सारखं घड्याळ बघणारा. मामा स्पॉटबॉय, पाणी, खुर्ची, टॉवेल, सगळ्याला त्यालाच हाक. "आन् नवरा-नवरी?" मी विचारलं.

"ते आर्टिस्ट. त्यायला काय बी म्हाईत नसतंय. उभं ऱ्हा म्हनलं की उभं ऱ्हायचं."

मी वर्तमानपत्रात, म्हणून मी कंटिन्युइटीवाला. मागच्या सीनला काय होतं ते टिपून ठेवणारा. "गेल्या इलेक्शनला पुढाऱ्याच्या गळ्यात कंच्या रंगाचं उपरनं होतं, ते ध्यानात ठिवा, पेपरवाले. पब्लिक इसरतंय."

रेणापूरच्या लग्नाची गोष्ट अजून सांगितली जाते. आवाज वेगळ्या यंत्रावर भरला की तो चित्राशी जुळवण्यासाठी सुरुवातीला एक खूण लागते. सिनेमात त्यासाठी क्लॅपची पाटी आपटतात. रशीदभाईंकडे पाटी नव्हती. ते टाळी वाजवत. त्या दिवशी अंतरपाट धरलेला, हातात अक्षता घेऊन लोक उभे, भटजींनी मंगलाष्टकासाठी तोंड उघडलेलं. तेवढ्यात रशीदभाईंनी खणखणीत टाळी दिली. मागच्या रांगांना वाटलं, लागलं. त्यांनीही टाळ्या पिटल्या. बाहेर बँड सुरू झाला, फटाक्यांची माळ लागली, अक्षता पडल्या आणि अर्धा मंडप पंगतीकडे धावला.

"कट! एनजी!" रशीदभाई ओरडत होते. "सगळे पयल्या पोझिशनला!"

एनजी म्हणजे 'नो गुड', बिघडलेला टेक. लोकांना पत्रावळीवरून उठवून आणावं लागलं. अंतरपाटाआड नवरी हसत होती. ते लग्न दुसऱ्या टेकला लागलं.

या सगळ्याचा खरा जाच त्यांच्या बायकोला, शमीमभाभींना. हंगामाआधी रशीदभाई यंत्र तपासायला घरातलाच रूम टोन भरत. खिडक्या बंद, नळ बंद. भाभींच्या हातभर काचेच्या बांगड्या. त्या किणकिणल्या की आतून आवाज येई, "एनजी!" मग टेप मागे नेऊन त्याच्यावरच पुन्हा. बिघडलेला टेक रशीदभाई ठेवत नसत. भाभी एकदा माझ्यासमोरच म्हणाल्या, "दुनिया बोले तो साउंड, मैं बोली तो एनजी." कॅमेऱ्यासमोर मात्र त्या कधी आल्या नाहीत. तो दिसला की पदर ओढून आत. नवऱ्याच्या कॅसेटांमध्ये अर्ध्या जिल्ह्याच्या बायका होत्या, त्या नव्हत्या.

मग लग्नं मोबाइलवर गेली. टेपरेकॉर्डर कपाटावर गेला. काही वर्षांनी भाभीही गेल्या. रशीदभाईंनी हात वर करून कुणाला गप्प बसवल्याचं त्यानंतर मी पाहिलं नाही.

गेल्या हिवाळ्यात ते दारात आले. टेपरेकॉर्डर टॉवेलात गुंडाळलेला. "नांदेडला चलता का? तिथं एक सरदारजी हायत म्हनं, जुन्या मशिनी खोलतेत." आत कॅसेट अडकली होती. लातूरच्या दुकानदारांनी यंत्र भंगारात द्यायला सांगितलं होतं.

"आता कुणाचं लग्न करताय?" मी विचारलं.

"मशीन मेलं तर मरू द्या. टेप तुटली न्हाई पायजे."

एसटीत त्यांनी ते मांडीवरून खाली ठेवलं नाही. शिरूर ताजबंदला चहासाठी उतरले, तेही त्याला घेऊनच.

सरदारजी वयस्कर होते. झाकण काढून त्यांनी बराच वेळ आत पाहिलं. रबराचा पट्टा वितळून चिकटला होता आणि टेप रुळाला गुंडाळली गेली होती. "थोडी काटनी पडेगी, भाईजान. उंगली भर."

आयुष्यभर लोकांच्या लग्नांत कात्री चालवलेल्या माणसानं यंत्रावर हात ठेवला. "काटना नक्को. कुठली उंगली हाय ती, काय ठावं."

सरदारजींनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं. कात्री बाजूला ठेवली, चिमटा घेतला आणि वेढा वेढा सोडवायला बसले. रशीदभाई काउंटरला धरून उभे होते. दुपार झाली. अखेर टेप दुसऱ्या यंत्रात चढली आणि बटण दाबलं गेलं.

आधी नुसती खरखर. मग पंखा. लांब कुठेतरी रिक्षाचा हॉर्न. मग बांगड्या, आणि एका बाईचा आवाज: "हो गया क्या? चाय ठंडी हो रई."

त्यावर टेपमधले रशीदभाई कडाडले, "एनजी! पूरा बिगाड दी!"

बाई हसली. टेप तिथेच संपली. ही शेवटची कॅसेट. त्यानंतर लग्नांची कामं आलीच नाहीत, म्हणून हिच्यावर पुन्हा भरायची वेळच आली नव्हती.

"आवाज बढिया है," सरदारजी समाधानानं म्हणाले. "मोबाइल में डाल दूँ? बीच में कोई बोल रहा है, वो निकाल दूँगा."

"ऱ्हाऊ द्या," रशीदभाई म्हणाले. "टेक ओके हाय. फिरून लावा."

आणि त्यांनी दोन्ही हात वर केले. सरदारजींनी पंखा बंद केला. दारात आलेलं एक गिऱ्हाईक पायरीवरच थांबलं. मी श्वास धरला. कुणीही हललं नाही.