लोनबले सरांची लोखंडबंदी

लोनबले सरांच्या घरी गेलं की ते पाणी विचारत नाहीत. दारातच विचारतात, "अंगावर लोखंड आहे काय?" मग किल्ल्या, पट्टा, सगळं ओसरीवरच्या बांबूच्या टोपलीत. एकदा प्राचार्य आले. एका हातात कप आणि दुसऱ्या हातात पँट धरून त्यांनी चहा संपवला. पुन्हा आले नाहीत. हळूहळू माझ्याशिवाय कोणीच येईना.

चिमूरच्या कॉलेजात सर आणि मी भौतिकशास्त्र शिकवतो. सरांचा जीव मात्र सोन्याच्या तारेत, केसापेक्षा हजारपट बारीक. ती थंड करत गेलं की वीज जास्त सहज वाहायला हवी. "पण लोखंडाचे चारदोन अणू शिरले," सर सांगतात, "का थंडीत विरोध उलटा वाढते. इलेक्ट्रॉन त्याले धडकते अन् आपली चाल इसरते."

तार बनते आणि मोजली जाते दूरच्या मोठ्या प्रयोगशाळेत. तिकडे पाठवायचं शुद्ध सोनं सर स्वतः घरीच धुतात आणि धानोऱ्याच्या बुरडाकडून करवून घेतलेल्या बांबूच्या चिमट्यानेच उचलतात.

मागच्या वर्षी सर तापाने पडले, म्हणून पाठवायचा सोन्याचा तुकडा मी डबीत भरला. कुरिअरची गाडी दारात उभी, बांबूचा चिमटा सापडेना. स्टीलचा उचलला.

प्रयोगशाळेतून आलेख आला. विरोधाची रेघ उतरता उतरता थंडीत वर वळलेली. सरांनी दोष स्वतःच्या घराला दिला. टोपली ओसरीवर आली ती तेव्हा. मीही तिच्यात गुपचूप किल्ल्या टाकत राहिलो.

परवा म्हणाले, "सोडून देतो आता, विलास. रक्तात लोखंड रायतेच ना. माह्यातूनच गेलं असन."

तेव्हा मी चिमट्याचं सांगितलं.

"काऊन नाई बोलला?"

"हिंमत नाई झाली, सर."

"अन् मी वर्षभर साऱ्या गावाचे पट्टे काढून राह्यलो."

मग त्यांनी तोच आलेख काढला. सगळ्यात थंड टोकावर बोट ठेवलं. तिथे चढ थांबून रेघ सपाट झाली होती.

"हे पाय. लई थंडी झाली का सारे इलेक्ट्रॉन त्या एकट्या लोखंडाभोवती जमतात. त्याले शांत करतात." बोट तिथेच राहिलं. "मी रोज हेच टोक पायत होतो, अन् माणसं दूर करत होतो."

उठून त्यांनी माझ्या किल्ल्या आत आणल्या, टेबलावर ठेवल्या. चहाचं आधण ठेवलं. दोन कप काढले, जरा थांबून आणखी चार.

"प्राचार्याले फोन लाव," म्हणाले. "पट्टा घालून या म्हणा."