केक, दगड आणि दोनशे वीस मिलिमीटर

“दोनशे वीस मिलिमीटर!” नव्या गाडीच्या पोटाखाली हात घालून जावईबापूंनी जाहीर केलं. “जमिनीपासून एवढी उंच! आता दगडधोंड्यांना विचारतो कोण?”

जावईबापूंचं चष्म्याचं दुकान होतं, त्यामुळे मिलिमीटरवर त्यांचा भारी जीव. बायकोचं तोंड किती वाकडं झालंय, तेही ते नजरेने मोजत. उपयोग शून्य!

सासऱ्यांचा सत्तरावा वाढदिवस त्यांच्या तळ्याकाठच्या नव्या घरी व्हायचा होता. सासूबाईंनी स्वतः केक केला होता. आधीचे तीन केक मधोमध खचले. चौथा ताठ उभा राहिला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. जावईबापूंनी त्याच केकचा खोका उचलला आणि रिकाम्या गाडीखालून आरपार सरकवला.

“बघा आई, वर बोटभर जागा उरली!”

“माझा केक म्हणजे काय मोजपट्टी वाटली?” सासूबाई किंचाळल्या.

मग बायको, सासू, सासरे आणि एकटाच दोघांची जागा अडवणारा मेहुणा, असे सगळे कोंबून बसले. खोका सासूबाईंच्या मांडीवर. डांबरी रस्ता संपला, कच्ची वाट लागली आणि वाटेत मधोमध एक दगड दत्त म्हणून उभा!

“बाजूने घ्या,” बायको म्हणाली.

“बाजूने घ्यायला ही गाडी घेतली का?” जावईबापू उतरले. खोका मागून घेतला, दगडाच्या बराच पलीकडे वाटेवर ठेवला आणि एक डोळा मिटून पाहिलं. “दगड खोक्यापेक्षा बुटका! खोका गाडीखालून गेला, म्हणजे दगडही जाणार. साधा हिशेब!”

गाडी पुढे सरकली आणि खर्रर्र! पोट दगडावर टेकलं, चाकं जागच्या जागी गरगरू लागली.

“भाऊजी, मिलिमीटर कुठे सांडले?” मेहुण्याने चौकशी केली.

सगळ्यांना उतरावं लागलं. मेहुणा उतरला तशी गाडी सुस्कारा टाकून वर आली. जावईबापूंनी जोर दिला, गाडी दगडावरून सुटली ती थेट खोक्याच्या दिशेने! सासूबाईंनी डोळे घट्ट मिटले. उघडले, तर गाडी पुढे आणि खोका मागे, जसाच्या तसा!

“बघितलंत? दोनशे वीस!” जावईबापू खिडकीतून ओरडले.

“अहो, आम्ही उतरलो म्हणून वर आली ती!” बायको म्हणाली.

“कंपनी काय खोटं लिहिते? चला, बसा सगळे!”

“आधी केक घेते,” म्हणत सासूबाई वळल्या.

“आई, उन्हात कशाला चालताय? बसा तुम्ही, मी गाडीच मागे घेतो. खोका अगदी तुमच्या दाराशी आणतो!”

सगळे पुन्हा बसले. मेहुणाही बसला. जावईबापूंनी झोकात गाडी मागे घेतली. अंदाज हातभर चुकून खोका गाडीखाली जाऊ लागला, पण त्यांना काळजी नव्हती. खोका खालून सुखरूप गेलेला होताच की!

फस्स!

सासूबाईंचा चेहरा आरशात दिसला आणि जावईबापूंना खरोखर वाईट वाटलं. पडेल आवाजात ते एवढंच म्हणाले, “आई, चुकलंच माझं.”

सकाळपासून चकार शब्द न काढलेले सासरे खाली उतरले. त्यांनी वाकून खोका ओढून काढला, झाकण सोललं, बोटभर केक चाखला आणि जावयाच्या खिडकीशी आले.

“झालाय छान,” ते म्हणाले. “आणि जावईबापू, आता हा कुठल्याही गाडीखालून जाईल!”