सुभेदारांची आयरिश पलटण

आमचे शेजारी सुभेदार जगताप मेलेल्या आयरिश सैनिकांची हजेरी घेतात. थडग्यासमोर ताठ उभे राहून दगडावरचं नाव पुकारतात, "मर्फी!" क्षणभर थांबतात आणि मर्फीच्या वतीने स्वतःच ओरडतात, "हजर, साब!"

सातारचे, फौजेतून निवृत्त. डब्लिनच्या ब्लँचर्डस्टाउन उपनगरात मुलाकडे तीन महिने येतात. मुलाला वेळ नाही, म्हणून इथल्या शंभर वर्षांपूर्वीच्या यादवीत पडलेले सैनिक जिथे पुरलेत, तिथे त्यांना बसने मी नेते. एखादा दगड कलला असला की संपलं! "लाईन बघ, लाईन! कुणाची ड्यूटी होती हितं?"

मला त्याचं काही नाही. मी भाडेकरूंच्या हक्कांची पत्रकं वाटते. मला चीड येते ती बाजू न घेणाऱ्यांची. आणि हे काका सरकारी सैनिकांना एक सलाम ठोकतात, बंडखोरांना तेवढाच कडक दुसरा!

"काका, ही चक्क पळवाट आहे."

"तू तुझी पत्रकं वाट गं."

परवा किलकेनी गावाजवळच्या दफनभूमीत प्रकरण पेटलं. मंगळवारी काकांचं परतीचं विमान, आणि बंडखोरांची एकच रांग उरलेली. काकांनी पुकारलं, "डॉयल!" आणि स्वतःच उत्तर दिलं. तोच फुलं घेऊन आलेला एक म्हातारा अंगावर धावून आला.

"माझ्या आजोबांचा भाऊ आहे तो! थट्टा करतोस? त्याला मारणाऱ्यांनाही सलाम केलास, पाहिलंय मी. चालता हो, नाहीतर पोलिसांना बोलावतो!"

मी बाह्या सरसावल्या. सार्वजनिक जागा, प्रत्येकाचा हक्क, सगळं तोंडपाठ आहे माझं. काकांनी माझा दंड धरला.

"गप. घरचा माणूस हाय त्यो. मी बोलतो ते त्याला सांग."

ते बोलत गेले, मी वाक्यामागून वाक्य इंग्रजीत करत गेले. ईशान्येकडची ड्यूटी. जंगलातून गोळीबार झाला, काकांनी उलट झाडली. झुडपात सापडला तो विशीचाही नव्हता.

"आपल्याच देशातला. बाजू तेवढी पलीकडची. कुठं पुरला, कुणी सांगितलं नाय."

इथे माझं इंग्रजी अडखळलं. म्हाताऱ्याने घाई केली नाही. फुलं छातीशी धरून थांबला.

"नाव काय होतं त्याचं?" शेवटी त्याने विचारलं.

मी काकांना मराठीत सांगितलं. त्यांनी डॉयलच्या दगडावरच्या नावावर बोट ठेवलं.

"रिपोर्टात नुसतं 'एक ठार' लिहिलं," ते म्हणाले. "नाव कुणी विचारलंच नाय. मी बी नाय."