दोन वर्षांचा चातुर्मास

दारात उभं राहून कुणी देवाबद्दल बोलायला लागलं तर दार कसं लावायचं, हे मी अमेरिकेत फ्रीमाँटला आल्यावर महिन्याभरातच शिकले होते. पण एल्डर फोनुआ आला, त्यानं देवाचं नावसुद्धा घेतलं नाही. हेल्मेट काढून म्हणाला, "घरात काही जड आहे का?"

"म्हणजे?"

"म्हणजे सोफा, फ्रिज, कपाट. हलवायचं असेल तर सांगा."

ही २००४ सालची गोष्ट. पोरगा एकोणीस वर्षांचा, टोंगाचा. टोंगा मला नंतर नकाशात, पॅसिफिक महासागरात, शोधावं लागलं. मॉर्मन नावाच्या ख्रिस्ती पंथात या वयाची मुलं दोन वर्षं धर्मप्रचारासाठी घर सोडतात, आणि तेवढा काळ त्यांना पहिलं नाव नसतं, नुसतं 'एल्डर'. म्हणजे वडीलधारे! या वडीलधाऱ्याला अजून धड मिशी फुटलेली नव्हती. अंगानं मात्र दाराएवढा. पांढरा शर्ट, टाय, छातीवर नावाची काळी पाटी. त्याला वाहून नेणाऱ्या सायकलची दया यायची. मागे त्याचा जोडीदार एल्डर पार्कर, काटकुळा गोरा मुलगा. दोघांनी एकमेकांच्या नजरेआड व्हायचं नाही, असा नियम.

सोफा खरंच वर न्यायचा होता. मी "या" म्हटलं, तर हा जागचा हलेना.

"घरात पुरुष कुणी आहे का?"

मी घाबरलेच. पण तोही नियमच निघाला. बाई घरात एकटी असेल तर आत जायचं नाही. संजय, माझा नवरा, ऑफिसमधून येईपर्यंत दोघं पायरीवर बसून राहिले. संजयनं गाडी वळवली आणि दारात टाय घातलेली दोन माणसं पाहून त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याला वाटलं, व्हिसाची चौकशी आली. मग फोनुआनं तो सोफा एकट्यानं वर नेला. पार्करनं उशा नेल्या.

बातमी पसरायला काय वेळ लागतो? आमच्या टाउनहाउसेसमध्ये कुणीही घर बदलायला काढलं की "अरे यार, मूव्हर्स कॅन्सल कर, फोनुआला बोलव" असं सुरू झालं. पैसे तो घेत नसे. काम संपल्यावर मान खाली घालून, उसनं मागावं तसा विचारायचा, "एक पुस्तक ठेवून जाऊ का?" लोक ते धर्मपुस्तक भिडेखातर ठेवून घ्यायचे. आमच्या निम्म्या मराठी घरांत ते पुस्तक देव्हाऱ्याशेजारी होतं, आणि वाचलं कुणीच नव्हतं. धर्मप्रचारक म्हणून पोरगा सपशेल नापास.

चहा-कॉफी त्यांना वर्ज्य. आल्यागेल्याला चहा न देता पाठवायचं म्हणजे माझ्या जिवावर यायचं. म्हणून एकदा संजय घरी असताना मी त्यांना आत बोलावून गरम दूध केलं आणि चव यावी म्हणून त्यात चहाचा मसाला घातला. फोनुआनं घोट घेतला, खूश झाला, आणि नेमका ओट्यावरचा डबा त्याला दिसला. त्यावर मोठ्या अक्षरांत 'टी मसाला'. कप खाली ठेवला. मी सुंठ, वेलची, मिरी एकेक हातावर काढून दाखवली, यात चहाची पत्ती नाही म्हणून शपथ घेतली. दोघा एल्डरांची कोपऱ्यात कुजबुज झाली. शेवटी पार्कर दूध प्यायला. फोनुआ म्हणाला, "काकू, माझा विश्वास आहे तुमच्यावर. माझ्यावर नाही. आज हे चाललं, तर उद्या आणखी काहीतरी चालेल."

नोव्हेंबरात साताऱ्याहून सासूबाई आल्या, सहा महिन्यांसाठी. त्यांना हा मुलगा लगेच कळला. चहा नाही, टीव्ही नाही, बाईमाणसाला शिवायचं नाही, दिवेलागणीनंतर फार हिंडायचं नाही. त्या म्हणाल्या, "अगं, सोपं आहे. याचा चातुर्मास आहे, दोन वर्षांचा." संजय नसताना तो आत येत नाही म्हटल्यावर त्या खुर्ची घेऊन बाहेर बसू लागल्या. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. तो आमच्या पोरांचं ऐकून त्यांना 'आजी' म्हणायचा. मी मधे दुभाषी.

एकदा त्यांनी विचारलं, "घरी कोण कोण?"

"आई. आम्ही दोघंच."

आईच्या किडन्या गेल्या होत्या. तो निघाला तेव्हाही ती आजारी होती. निघताना तिनंच बजावलं होतं, काही झालं तरी मधे परत यायचं नाही. वर्षातून घरी फोन दोनदाच, ख्रिसमसला आणि मे महिन्यातल्या मदर्स डेच्या रविवारी. ख्रिसमसचा झाला होता.

"आवाज बारीक झालाय," तो म्हणाला. "मला तिला खूप सांगायचंय. लाइन खराब होती, तीच बोलत राहिली. आता मे महिन्यात मी बोलणार."

त्यानंतर आला की आधी सासूबाईंना सांगायचा, आता मे किती जवळ आलाय ते.

मार्चमध्ये एका दुपारी दोघं आले. पार्करनं मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "त्याची आई गेली. घरी जायला परवानगी मिळत होती. तो नाही म्हणाला."

मी सासूबाईंना सांगितलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, त्यांच्या नाही. त्या म्हणाल्या, "त्याला सांग, या कुंड्या पलीकडच्या भिंतीशी ठेवायच्यात."

"आई, आत्ता?"

"सांग तर."

त्यानं सगळ्या कुंड्या पलीकडे नेल्या. मग सासूबाई म्हणाल्या, तिकडे ऊन नाही, परत आण. त्यानं परत आणल्या. मग म्हणाल्या, ती तुळस जरा मधे घे. अशी ती दुपार गेली. शेवटी तो घामानं भिजून पायरीवर बसला आणि हुंदके द्यायला लागला. सासूबाईंनी उठून त्याच्या डोक्यावर हात ठेवला. शिवायचं नाही हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. त्यांनी हात काढला नाही, आणि तोही सरकला नाही.

एप्रिलमध्ये त्याची बदली झाली, दूर फ्रेस्नोकडे. सासूबाईंचीही परतीची तयारी सुरू झाली. मेमधल्या त्या रविवारी मी त्यांच्या बॅगेचं वजन करत होते, तेवढ्यात फोन वाजला.

"काकू, मी एल्डर फोनुआ. आज मला एक फोन करता येतो. आमच्या प्रमुखांना विचारलंय, ते हो म्हणाले. आजी आहेत का?"

"आहेत ना! थांब, स्पीकरवर टाकते, ट्रान्सलेट करून सांगते."

"नको, काकू. नुसता त्यांना द्या."

मी फोन सासूबाईंच्या हातात दिला आणि जवळच उभी राहिले. पलीकडून तो बोलत होता. इंग्रजी नव्हतं ते. त्याची भाषा, न थांबता, मधेच हसून, मधेच आवाज चिरकून. सासूबाई फोन दोन्ही हातांनी कानाशी धरून बसल्या होत्या. मधूनमधून म्हणत होत्या, "हं... बरं... हो रे बाळा, ऐकतेय मी." बराच वेळ चाललं. मग तो थांबला असावा. त्या म्हणाल्या, "जेवून घे," आणि फोन माझ्याकडे दिला. फोन बंद झाला होता.

मी विचारलं, "आई, तुम्हाला काय कळलं त्यातलं?"

त्यांनी पदरानं डोळे पुसले.

"मला कुठे सांगत होता तो? त्याच्या आईला सांगत होता. मी आपला फोन धरला."